रोज सकाळी सात गोळ्या

मी बिभीषण. उस्मानपुऱ्यातल्या एका ज्युनिअर कॉलेजात सव्वीस वर्षं जीवशास्त्र शिकवतोय. अकरावीचा पचनसंस्थेचा धडा म्हणजे माझा हातखंडा. फळ्यावर जठर मी अशा ऐटीत काढतो की व्हरांड्यातून जाणारे प्राचार्यसुद्धा क्षणभर थांबतात. लहान आतडं काढायला घेतलं की खडू संपतो पण आतडं संपत नाही, असं मी म्हणतो आणि पोरं हसतात. सव्वीस वर्षं एकच विनोद, आणि दरवर्षी हसू येतं, कारण पोरं दरवर्षी नवी असतात. एवढं सगळं येत असताना माझ्या स्वतःच्या पोटात काय चाललंय हे मला ठाऊक नसेल, अशी शंका कुणालाच आली नाही. मला तर मुळीच नाही.

पन्नाशी उलटली त्या वर्षी आमच्या स्टाफरूममधल्या दोघांना महिन्याच्या अंतरानं स्टेंट बसले. दोघंही माझ्या वयाचे. मी घाबरलो. व्यायामाचा मला कंटाळा, गोड सोडायचं म्हटलं की जिवावर येतं. मग राहिला तो सगळ्यात सोपा मार्ग मी धरला. गोळ्या. आधी एक मल्टीव्हिटॅमिन आणलं. मग लोह, कॅल्शियम, झिंक, सी, डी आणि ई. फ्रिजवर बाटल्यांची रांग लागली. बायको, शीला, एकदा म्हणाली, "फ्रिज उघडायला गेलं की मेडिकलच्या काउंटरवर उभं राहिल्यासारखं वाटतं." मी तिला मोठेपणानं हसून दाखवलं.

पहाटे फिरून आलो की साडेसहाला मी सातही गोळ्या तळहातावर घ्यायचो आणि कोऱ्या चहाच्या एकाच घोटाबरोबर गिळायचो. चहात लिंबू. दुधाचा चहा मी सोडला होता, आणि अकरा वाजेपर्यंत काही खायचं नाही असं कुठंतरी वाचून ठरवलं होतं. तासाभरानं लघवी पिवळीजर्द व्हायची. ते बघून मला फार समाधान वाटायचं. औषध लागू पडतंय, असं मी समजायचो. शरीराला नको असलेलं शरीर बाहेर टाकतं, हे मी त्याच दिवशी दुसऱ्या तासाला अकरावी 'ब'ला शिकवत असायचो.

हे ज्ञान मी स्वतःपुरतं ठेवलं असतं तर एकट्याचंच हसं झालं असतं. पण शिक्षकाला ते जमत नाही. कॉलेजच्या वॉचमनला सांगितलं, शेजाऱ्यांना सांगितलं, आणि सगळ्यात जास्त सांगितलं आबांना.

आबा म्हणजे माझे वडील, मुंजाबा. देवगाव रंगारीला राहतात. आमचं घराणं मेंढपाळांचं. आबांनी उभं आयुष्य मेंढरांमागं काढलं आणि त्यातच मला शिकवलं. सत्तरी ओलांडल्यावरही ते कळपामागं दिवसभर चालायचे. पण दोन वर्षांपूर्वी त्यांचं चालणं एकाएकी मंदावलं. दम लागायचा. जीभ लाल आणि गुळगुळीत झाली होती. ठेचा तोंडात घेतला की डोळ्यांत पाणी यायचं, म्हणून त्यांनी तिखटच सोडलं. आणि एक विचित्र तक्रार होती.

"पायाखाली लोकर टाकल्यावानी लागतंय," ते म्हणायचे. "जमीन हाये का नाय, तेच कळंना."

मी ते ऐकलं आणि म्हणालो, "वय झालं, आबा. अशक्तपणा आहे." आणि माझ्याच मल्टीव्हिटॅमिनची बाटली त्यांना दिली. तपासणी वगैरे काही नाही. घरात जीवशास्त्राचा माणूस असताना डॉक्टरकडं कशाला जायचं? दर महिन्याला एसटीनं गावी जायचो आणि नवी बाटली देऊन यायचो.

वर्ष झालं, दीड वर्ष झालं. आबा सुधारले नाहीत. उलट अंधार पडला की भिंत धरून चालायला लागले. मेंढरं निम्मी विकली, उरलेली शेजारच्या सांडूकाकांच्या कळपात सोडली. एक दिवस बांधावरून उतरताना आबा तोल जाऊन पडले. हाड मोडलं नाही, पण माय फोनवर रडली. मी त्या रविवारी गावी गेलो तो तावातावानंच.

आबा ओट्यावर बसले होते. शेजारी सांडूकाका. माय, सखूबाई, चुलीपाशी चहा ठेवत होती. मी आल्या आल्या बाटली मागितली आणि ओट्यावर गोळ्या ओतून मोजल्या. बाटलीत तीस गोळ्या, देऊन एकोणीस दिवस झालेले, आणि शिल्लक अकरा. आकडा तंतोतंत जुळला. दुसऱ्या कुणाला बरं वाटलं असतं. माझा संशय वाढला. इतकं बरोबर कसं जुळेल? नक्कीच रोज एक काढून टाकून देत असणार.

"आबा, तुम्ही गोळ्या घेत नाही," मी म्हणालो.

"घेतो की."

"घेतल्या असत्या तर फरक पडला असता. त्यात सगळं असतं. मी स्वतः घेतो."

"रोज घेतो रं. भाकरीसंग."

माय चुलीपासून म्हणाली, "माझ्यासमोर गिळत्यात, बाबा. मीच पाणी देते."

"तू त्यांची बाजू घेऊ नकोस," मी मायला म्हणालो. मग सांडूकाकांसमोर, ओट्यावर उभं राहून, वर्गात मागच्या बाकाला देतो त्या आवाजात मी वडिलांना म्हणालो, "खोटं बोलू नका, आबा. गोळी पोटात गेली की ती रक्तात जातेच. हे शास्त्र आहे."

आबा माझ्याकडं बघत राहिले. चिडले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त ओट्यावरच्या गोळ्या एकेक करून बाटलीत भरायला घेतल्या. बोटं नीट चालत नव्हती. दोन गोळ्या खाली पडल्या, त्या त्यांनी वाकून उचलल्या आणि धोतराला पुसून आत टाकल्या.

"चहा पिऊन जा," ते म्हणाले.

मी चहा न पिता निघालो. एसटीत बसलो तेव्हा मला वाटत होतं, बरं झालं, एकदाचं स्पष्ट बोललो.

त्यानंतर साधारण दीड महिन्यानं मला कन्नड या तालुक्याच्या गावाहून बोलावणं आलं. तिथल्या महिला बचत गटांचा मेळावा होता आणि त्यात 'आहार आणि आरोग्य' या विषयावर व्याख्यान द्यायचं होतं. नवा सदरा घातला, पायात कोल्हापुरी घातल्या आणि सकाळच्या बसनं कन्नड गाठलं. स्टँडपासून सभागृह पंधरा मिनिटांवर. आठवडी बाजाराचा दिवस होता, गर्दीतून वाट काढत मी पोचलो. व्यासपीठावर गाद्या टाकल्या होत्या, पण मी उभा राहूनच बोलणं पसंत केलं. उभं राहिलं की हात मोकळे राहतात.

पहिली दहा मिनिटं छान गेली. मग पुढच्या रांगेत कुजबुज सुरू झाली. दोन बायांनी तोंडाला पदर लावला. माझं बोलणं रंगतंय असं वाटून मी आवाज आणखी चढवला. शेवटी पुढं बसलेल्या एक वयस्कर बाई हात वर करून म्हणाल्या, "सर, तुमची दुसरी चप्पल कुठंय?"

मी खाली बघितलं. उजव्या पायात कोल्हापुरी होती. डावा पाय उघडा होता, आणि त्या पायाखाली पांढऱ्या चादरीवर लाल डाग पसरला होता. टाचेला काच लागली होती. चप्पल कधी गळून पडली, काच कधी घुसली, मला काहीच कळलं नव्हतं. तो पाय बराच वेळ तसा असावा.

एखाद्या शहाण्या माणसानं व्याख्यान थांबवलं असतं. मी म्हणालो, "अनवाणी चालणं आरोग्याला चांगलं असतं."

बाई म्हणाल्या, "मंग एकाच पायानं कामून?"

सभागृह जे हसलं ते हसलं. संयोजक बाईंनी माझ्या टाचेला पट्टी बांधली, श्रीफळ दिलं आणि घाईघाईनं आभार मानले. येताना चप्पल मला स्टँडजवळच्या फळांच्या गाड्यापाशी सापडली. कुणीतरी ती नीट बाजूला सरकवून ठेवली होती. मी ती पायात घातली आणि चार पावलं चाललो. चप्पल पायात आहे की नाही, हे मला खाली बघूनच कळत होतं.

घरी आल्यावर मी काही सांगणार नव्हतो. पण शीलानं पट्टी पाहिली आणि कन्नडच्या तिच्या मावसबहिणीचा फोन माझ्या आधीच येऊन गेला होता. ती मेळाव्याला हजर होती.

"पायाला कळत नाही असं किती दिवस चाललंय?" शीलानं विचारलं.

"थोड्या मुंग्या येतात. चार-सहा महिने."

"आणि मला सांगितलं नाही?"

"गोळ्या चालू आहेत ना."

दुसऱ्या दिवशी ती मला डॉक्टर गजालाकडं घेऊन गेली. आमच्या घरापासून दोन गल्ल्यांवर तिचं क्लिनिक आहे. गजाला माझी विद्यार्थिनी, पंधरा-सोळा वर्षांपूर्वीची. पुढं एमबीबीएस, मग एमडी झाली. मी तिच्याकडं आजवर कधी गेलो नव्हतो. जिला आपण जठर शिकवलं तिला आपलं जठर दाखवायचं, हे मनाला पटत नव्हतं.

"या सर, बसा," ती उठून उभी राहत म्हणाली. मला ते बरं वाटलं. तेवढंच काय ते त्या दिवशी बरं वाटलं.

तिनं माझे डोळे मिटायला लावले आणि पायाला टाचणी टोचत विचारलं, "आता? आता? आता कळतंय?" मी अंदाजानं उत्तरं देत होतो. शीला मध्येच म्हणाली, "अहो, त्या टोचतच नाहीयेत आता." मग गजालानं ट्यूनिंग फोर्क वाजवून माझ्या घोट्यावर टेकवला. कंपन मला अजिबात जाणवलं नाही. तिनं जीभ बाहेर काढायला लावली. बघून तिनं कागदावर काहीतरी लिहिलं.

"खाण्यात मटण, अंडी असतात ना, सर?"

"असतात. आम्ही धनगर आहोत, गजाला."

"मग बी-ट्वेल्व्ह कमी पडायला नको. तरी तपासू या."

"कमी असणं शक्यच नाही," मी म्हणालो. "मी रोज घेतो. आणि माझं हिमोग्लोबिन तेरा आहे."

रिपोर्ट आला. बी-ट्वेल्व्ह एकशे अठरा. निदान दोनशेच्या वर तरी हवं होतं. मी लॅबवाल्यांची चूक ठरवली आणि कुणाला न सांगता दुसऱ्या लॅबमध्ये रक्त दिलं. तिथं एकशे नऊ आलं. डी-सुद्धा तळाला होतं. तीन वर्षं गोळ्या गिळून माझ्या रक्तात त्यांचा मागमूस नव्हता. दोन्ही कागद घेऊन मी पुन्हा गजालासमोर बसलो. शीला सोबत होतीच. साक्षीला.

"सर, गोळ्या कशा घेता? कशासोबत?"

"सकाळी. रिकाम्या पोटी. सातही एकदम. कोऱ्या चहाबरोबर."

गजालानं पेन खाली ठेवलं. "सर, ए, डी, ई, के ही व्हिटॅमिन्स कशात विरघळतात?"

मी अकरावीतल्या पोरासारखा सरळ बसलो. "मेदात."

"आणि तुमच्या कोऱ्या चहात मेद किती?"

शीला खिडकीबाहेर बघायला लागली. तिचे खांदे हलत होते.

"लोहाच्या गोळीचं चहासोबत काय होतं?"

"चहातली टॅनिन्स लोहाला धरून ठेवतात. शोषण घटतं."

"आणि बरोबर कॅल्शियम घेतलं तर?"

"आणखी घटतं," मी म्हणालो. सगळं मला येत होतं. पूर्ण गुण मिळाले असते. एवढं येणारा माणूस रोज सकाळी साडेसहाला ते सगळं बाजूला ठेवून चहाचा घोट घेत होता.

"हे सोडा, हे सुधारता येईल," गजाला म्हणाली. "डी जेवणाबरोबर घ्या, लोह तुम्हाला लागतच नाहीये. पण बी-ट्वेल्व्हचं काही वेगळं दिसतंय. ते चहामुळं एवढं खाली जाणार नाही. जठराच्या भिंतीतल्या पेशी आम्ल सोडतात, आणि त्याबरोबर आणखी एक गोष्ट सोडतात. आठवतं?"

मला आठवेना. खरंच आठवेना.

"अंतर्गत घटक, सर. तो बी-ट्वेल्व्हला धरतो आणि थेट लहान आतड्याच्या शेवटच्या भागापर्यंत पोचवतो. तिथंच ते रक्तात घेतलं जातं. घटक नसेल तर गोळी तोंडातून आत जाते आणि तशीच बाहेर जाते. आपल्या पुस्तकात हे वाक्य कंसात होतं. तुम्ही म्हणाला होतात, कंसातलं परीक्षेला येत नाही, सोडून द्या."

"मी असं म्हणालो होतो?"

"आम्ही पेन्सिलनं काट मारली होती. सीईटीला तोच प्रश्न आला. माझा चुकला. म्हणून तर मी तो कधी विसरले नाही."

सव्वीस वर्षांत किती बॅचेस झाल्या असतील याचा मनात अंदाज घेत बसलो.

तिनं आणखी एक तपासणी लिहून दिली. आठवड्यानं तिचा निकाल आला. माझं शरीरच त्या अंतर्गत घटकाला परकं समजून नष्ट करत होतं. गोळीतून थोडं तरी मिळालं असेल की, असं मी चाचरत विचारलं.

"शंभरातला एखादा हिस्सा त्या घटकाशिवायही झिरपतो," गजाला म्हणाली. "गोळी मोठ्या डोसची असती तर तेवढ्यानंही निभावलं असतं. पण तुमच्या बाटलीवर काय लिहिलंय? पाच मायक्रोग्रॅम. त्याचा शंभरावा भाग, सर. आणि त्याच गोळीत फॉलिक ॲसिड आहे. त्यानं रक्त सावरून धरलं, म्हणून तुमचं हिमोग्लोबिन तेरा दिसत राहिलं. नसांना मात्र काही मिळत नव्हतं. आता पायापर्यंत गेलंय म्हणून आपण इंजेक्शननंच सुरुवात करू."

म्हणजे ज्या आकड्याची मी स्टाफरूममध्ये बढाई मारत होतो, त्यानंच माझं दुखणं झाकून ठेवलं होतं.

पहिली सुई घेऊन मी शर्टाची बाही खाली करत होतो तेव्हा गजालानं सहज विचारलं, "हे कधी कधी घराण्यात असतं. घरात आणखी कुणाला आहे का असं? पायाला बधिरपणा, जीभ लाल होणं, तोल जाणं?"

माझा हात बाहीवरच थांबला. पायाखालची लोकर. ठेचा न खाणं. बांधावरून पडणं. दोन वर्षं आबा मला एकेक लक्षण सांगत होते, आणि मी त्यांना बाटल्या देत होतो.

"माझे वडील," मी म्हणालो. पुढचं सगळं शीलानंच सांगितलं, अगदी ओट्यावर मोजलेल्या गोळ्यांसकट.

गजालानं शांतपणे ऐकलं. "त्यांना उद्याच घेऊन या, सर," ती म्हणाली. "उशीर जेवढा होईल, तेवढं परत मिळणं अवघड." ती मला बोलली असती तर सोपं गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी पहिल्या बसनं मी देवगावला निघालो. वाटेत काय बोलायचं ते मनात जुळवत होतो. वर्गात पन्नास मिनिटं अडखळत नाही मी. इथं दोन वाक्यं जुळेनात. पोचलो तेव्हा आबा ओट्यावर भुईमुगाच्या शेंगा फोडत होते. बोटांत जोर नव्हता, म्हणून दगडानं एकेक शेंग ठेचत होते.

"आबा," मी म्हणालो, "तुम्ही गोळ्या घेत होता."

"व्हय."

"रोज घेत होता."

"मंग?"

"त्या लागू पडणारच नव्हत्या. मलाही पडल्या नाहीत. आपल्या दोघांच्या पोटात एक गोष्ट कमी आहे, त्यामुळं ते औषध आत घेतलंच जात नाही. मी… मी चुकीचं बोललो तुम्हाला."

आबांनी एक शेंग ठेचली, दाणे काढून सुपात टाकले. मग म्हणाले, "सांडूपुढं बोलला होतास."

एवढंच त्यांना लागलं होतं. खोटं म्हटलं हे कदाचित त्यांनी गिळलं असतं. शेजाऱ्यासमोर म्हटलं ते नव्हतं गिळलं. मी उठलो आणि सांडूकाकांच्या अंगणात गेलो. ते मेंढराच्या पायातला काटा काढत होते. मी त्यांना आमच्या ओट्यावर आणलं आणि आबांसमोर, हात जोडून, म्हणालो, "काका, त्या दिवशी मी आबांना खोटं बोलता म्हणालो होतो. ते खरं बोलत होते. चूक माझी होती."

सांडूकाकांनी एकदा माझ्याकडं, एकदा आबांकडं बघितलं. "कधी म्हणाला होतास?"

"अहो, त्या दिवशी. मी गोळ्या मोजत होतो तेव्हा."

"हां, त्या व्हय! मला वाटलं मेंढराच्या जंताच्या गोळ्या हायेत. मी म्हटलं, मास्तर एवढं कामून वरडायलाय."

माय चुलीपाशी खळखळून हसली. आबांच्या मिशीखाली काहीतरी हललं. मला मात्र हसावं की रडावं कळेना. दोन महिने माझ्या वडिलांच्या मनात सलत राहिलेला अपमान, त्याच्या घराबाहेरच्या एकमेव साक्षीदाराला कळलाच नव्हता.

"बसं आता," आबा मला म्हणाले. "च्या पी."

या वेळी मी प्यायलो. दुधाचा, भरपूर साखरेचा.

त्याच दुपारी मी त्यांना शहरात आणलं. गजालानं त्यांना तपासलं, तेव्हा ती माझ्याशी बोलायची त्याहून वेगळी बोलली. "अब्बा, डोळे मिटा. पडणार नाही, मी धरलंय," असं म्हणत तिनं त्यांना उभं केलं. डोळे मिटताच आबा डुलले. तिनं आणि मी दोन्हीकडून धरलं. रिपोर्ट आले तेव्हा त्यांचं बी-ट्वेल्व्ह चौऱ्याऐंशी निघालं. तपासणीत तोच दोष, माझ्यासारखाच. म्हणजे खरं तर माझा त्यांच्यासारखा.

"पूर्ण बरं होईल का?" मी बाहेर येऊन विचारलं. "डॉक्टर," असं म्हणालो मी तिला. पहिल्यांदाच.

"अशक्तपणा जाईल. जीभ लवकर सुधारेल. पायाचं हळूहळू, सहा महिने, वर्ष. सगळं परत येईलच असं मी सांगणार नाही, सर."

आधी एक दिवसाआड, मग आठवड्याला, मग महिन्याला सुई, अशी सुरुवात झाली. पहिले पंधरा दिवस आबा आमच्याकडंच राहिले. दोघं बाप-लेक क्लिनिकला चालत जायचो, तो आमच्या गल्लीचा करमणुकीचा विषय झाला, कारण दोघंही खाली बघत, पाय मोजूनमापून टाकत चालायचो. पंधराव्या दिवशी आबांनी शीलाच्या हातची शेंगदाण्याची लाल चटणी भाकरीवर घेतली, एक घास खाल्ला, आणि आणखी मागितली. शीलानं वाटीच पुढं ठेवली आणि स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसले. मी तिथंच बसून राहिलो. त्या चटणीच्या वाटीला दोन वर्षं उशीर झाला होता, आणि तो कुणामुळं, हे मला पक्कं ठाऊक होतं.

कॉलेजात मी पचनसंस्थेचा धडा पुन्हा शिकवला. जठराचं चित्र या वेळी तेवढं सुबक आलं नाही. बोटं अजून थोडी जड होती. अंतर्गत घटकाचं ते कंसातलं वाक्य मी फळ्यावर लिहिलं तेव्हा मागच्या बाकावरच्या श्रेयानं विचारलं, "सर, हे परीक्षेला येतं का?" मी म्हणालो, "येवो न येवो, पाठ करा." मग का ते सांगितलं. चप्पल, काच, कन्नडचं व्याख्यान, सगळं. पोरं इतकी हसली की शेजारच्या वर्गातून तक्रार आली. आबांबद्दलचा भाग सांगितला तेव्हा मात्र कुणी हसलं नाही.

आता वर्ष होत आलं. माझे पाय जवळपास पूर्वीसारखे झालेत. आबांचे निम्मे. दिवसा ते काठीशिवाय चालतात, सांडूकाकांबरोबर जवळच्या रानापर्यंत जातात. अंधार पडला की अजून भिंत लागते. ते निम्मं आता तसंच राहील, असं गजालाला वाटतं. तिनं मला ते स्पष्ट सांगितलं, आणि मी आबांना.

"निम्मं तर निम्मं," आबा म्हणाले. "मेंढरंबी निम्मीच राहिलीत."

महिन्याची सुई आता गावच्या आरोग्य उपकेंद्रात मिळते. मी माझीही तिथंच घ्यायची ठरवलंय; तेवढंच गावी जाणं होतं. गेल्या वेळी नर्स मोनिकाताई लसीकरणात अडकल्या होत्या, म्हणून आम्ही बाकावर थांबलो. लेकरांना घेऊन आलेल्या सात-आठ बाया बसल्या होत्या. त्यातल्या एकीनं आबांना विचारलं, "आजोबा, तुमचं काय दुखतंय?"

आबांना एवढंच हवं होतं. त्यांनी जठर, आतडं, आत न घेतलं जाणारं औषध, सगळं सांगितलं. क्रम थोडा चुकला, पण मुद्दा एकही सुटला नाही. मग माझ्याकडं बोट दाखवून म्हणाले, "आन् हा माझा पोरगा. मास्तर हाये शहरात. ह्याच्यातबी हेच निघालं. माझ्याकडून गेलं त्याच्याकडं."

बायांनी माझ्याकडं हळहळून पाहिलं. आतून मोनिकाताईंनी हाक मारली. आबा माझ्या खांद्यावर हात टेकून उठले आणि म्हणाले, "चल, आधी तू."